बँटमचा वंश हाती घेताना

भाईंदर पूर्वेच्या पत्त्यांत नवघर, गोडदेव, खारीगाव ही नावे आपण रोज लिहितो. ही मुळात गावे. खाडीच्या कडेने मिठागरे, आत भातखाचरे आणि घरामागे कोंबड्यांचे खुराडे, अशी त्यांची जुनी ठेवण होती. 1985 मध्ये इथे नगरपरिषद आली, 2002 मध्ये महानगरपालिका झाली. 2001 च्या जनगणनेत पाच लाख वीस हजारांच्या आसपास असलेली मिरा-भाईंदरची वस्ती 2011 मध्ये आठ लाखांच्या पुढे गेली. खाचरे बुजली, अंगणे आक्रसली आणि खुराड्यांच्या जागी दुचाक्या उभ्या राहिल्या. कोंबडी पाळण्याची हौस मात्र टिकून आहे. गावठाणातल्या बैठ्या घराच्या परसात किंवा स्वतःच्या घराच्या गच्चीवर, जिथे चार-सहा पक्षी मावतील एवढी जागा उरली आहे, तिथे ती बँटमच्या रूपाने मूळ धरू पाहते.

बँटम म्हणजे लहान चणीची कोंबडी. गावठी कोंबडी साधारण सव्वा ते दीड किलोची असते. जपानी बँटमची मादी अर्ध्या किलोच्या आत-बाहेर भरते, तर मलेशियातली सेरामा त्याहूनही हलकी. थोड्या जागेत राहणारी, थोडे खाणारी, माणसाला सरावणारी आणि दिसायला देखणी, म्हणून शहरातल्या हौशी माणसाला ती भावते. हीच तिची अडचणही आहे. तिचे देखणेपण डोळ्यात भरते आणि खरेदी एका संध्याकाळी उरकते. मग अंडी येतात, खुडूक बसते, पिल्ले निघतात आणि त्या पिल्लांचे काय करायचे हा विचार तोवर कोणीच केलेला नसतो. ही पुस्तिका त्या विचारासाठी आहे. बँटमची जोडी घरात आणणारा माणूस एका वंशाचा जिम्मेदार होतो, हे माझे ठाम म्हणणे आहे आणि पुढची सगळी प्रकरणे त्यावर उभी आहेत.

बँटममध्ये दोन वर्ग आहेत आणि खरेदीला निघण्यापूर्वी ते ओळखता आले पाहिजेत. पहिला वर्ग जात्याच लहान असलेल्यांचा. सेब्राइट, जपानी बँटम, रोजकोंब, सेरामा यांना मोठ्या आकाराचे भावंड नाही. दुसरा वर्ग मोठ्या जातींच्या लहान केलेल्या प्रतींचा. ब्राह्मा, वायंडॉट, प्लायमथ रॉक या जाती मोठ्याही आहेत आणि बँटमही आहेत. आपल्याकडे फॅन्सी कोंबड्यांच्या बाजारात अनेकदा मोठ्या ब्राह्माची कोवळी पिल्ले बँटम म्हणून खपवली जातात; सहा महिन्यांनी तीन-चार किलोचा कोंबडा समोर उभा राहतो. सिल्कीबद्दल तर जाणकारांतही एकमत नाही. अमेरिकेत तिला बँटम धरतात, ब्रिटनमध्ये ती मोठ्या पक्ष्यांच्या हलक्या वर्गात मोडते. म्हणून विक्रेत्याने सांगितलेल्या नावावर न थांबता त्याच्याकडचे आईबाप पाहावेत. पूर्ण वाढलेले आईबाप पाहिले की पिल्लाचा आकार, रंग, पायांवरची पिसे, तुऱ्याची ठेवण यांबद्दल फसगत होत नाही. आईबाप दाखवायला नकार देणाऱ्याकडून पिल्लू घेऊ नये.

जातीचा दर्जा म्हणजे काय, हे ठरवण्याची रीत पाश्चात्त्य देशांत दीडशे वर्षांहून जुनी आहे. इंग्लंडमध्ये एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात कोंबड्यांच्या झुंजींवर कायद्याने बंदी आली आणि त्याच सुमारास कोंबड्यांची प्रदर्शने भरू लागली. 1865 मध्ये तिथे जातींच्या लक्षणांचे पहिले मानक छापले गेले. अमेरिकेतल्या संघटनेने आपले मानक 1874 मध्ये काढले. त्यांत प्रत्येक जातीचे वजन, पिसांची रेघ, शेपटीचा कोन, कानाच्या पाळीचा रंग असे सगळे लिहिलेले असते. ही मानके वाचावीत, त्यांतली चित्रे नजरेत बसवावीत. पण आपल्या खुराड्यासाठी माझा क्रम वेगळा आहे. आधी आरोग्य, मग प्रजननक्षमता, मग स्वभाव आणि शेवटी रूप. रूपाने निर्दोष असलेला पण घरघरत श्वास घेणारा कोंबडा पैदाशीला निरुपयोगी असतो. त्याची दुर्बलता पिसांच्या रेघांसोबत पुढच्या पिढीत उतरते.

खरेदीच्या वेळी पक्षी हातात घेऊन पाहायला हवा. डोळे टवटवीत आणि कोरडे, नाकपुड्या स्वच्छ, श्वास बिनआवाजी, विष्ठेच्या जागेभोवतीची पिसे कोरडी. छातीच्या हाडाच्या दोन्ही बाजूंना मांस लागते की हाड सुरीसारखे टोचते, हे बोटांनी कळते. पिसांच्या मुळाशी उवा किंवा त्यांच्या अंड्यांचे पांढरे गुच्छ आहेत का, पायांवरचे खवले उचकटून त्याखाली चुन्यासारखा थर जमला आहे का, चोच वाकडी किंवा शेपूट एका अंगाला झुकलेले आहे का, हे पाहावे. तलंग घेत असाल तर वय विचारावे आणि पायांचे खवले गुळगुळीत आहेत का ते ताडून पाहावे. विक्रेत्याच्या खुराड्यातला वास आणि पाण्याची भांडीही बरेच काही सांगतात.

बाजारात "पेअर" म्हणून जे विकले जाते, ते बहुधा एकाच उबवणीतले भाऊ-बहीण असतात. पाळण्यापुरते घ्यायचे असतील तर त्यात वाईट काही नाही. पैदास करायची असेल तर मात्र नर एका ठिकाणाहून आणि माद्या दुसऱ्या ठिकाणाहून घ्याव्यात. नवा पक्षी घरात आला की किमान तीस दिवस जुन्यांपासून वेगळा ठेवावा. आधी जुन्यांना खाणे-पाणी द्यावे, मग नव्याकडे जावे, आणि चपला वेगळ्या ठेवाव्यात. हा महिना वाचवायला गेलेल्या हौशी माणसांची भरलेली खुराडी आठवड्यात रिकामी झालेली आहेत.

आता पैदाशीकडे वळू, कारण या विषयाचा गाभा तिथे आहे. सर जॉन सेब्राइट या इंग्रज जमीनदाराने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी स्वतःच्या नावाची बँटम जात घडवली. सोनेरी किंवा रुपेरी पिसाला काठाने काळी रेघ, असे तिचे रूप. याच सेब्राइटने 1809 मध्ये सर जोसेफ बँक्स यांना उद्देशून पाळीव जनावरांच्या जाती सुधारण्यावर एक पुस्तिका लिहिली आणि जवळच्या नात्यात सतत संकर केल्याने प्राणी दुबळे होतात हे त्यात बजावले. चार्ल्स डार्विनने ती वाचली होती. पुढे 1868 च्या आपल्या ग्रंथात डार्विनने सेब्राइटच्याच रुपेरी बँटमचे उदाहरण दिले: फार जवळच्या संकरामुळे त्यांतल्या काही इतक्या वांझ झाल्या होत्या की दोन भरल्या घरट्यांतल्या अंड्यांतून त्या हंगामात एकही पिल्लू निघाले नाही. ज्याने धोका ओळखला होता, त्याच्याच जातीवर ही वेळ आली. ठरावीक रूपासाठी मूठभर पक्ष्यांतून निवड होत राहिली की रक्त आटते. लहान जातींत ते लवकर आटते, कारण मुळात पक्षीच थोडे असतात.

सख्ख्या भाऊ-बहिणीच्या किंवा बाप-लेकीच्या जोडीतून जन्मणाऱ्या पिल्लात अंतःप्रजननाचे प्रमाण 25 टक्के होते. एखाद्या जाणत्या पैदासकाराने एखादे लक्षण पक्के करण्यासाठी हे एकदा केले तर समजू शकते. अजाणता पिढ्यान्‌पिढ्या घडत राहिले की अंडी अफलित राहतात, कवचातच पिल्ले मरतात, निघालेली रोगाला बळी पडतात. यावर साधी आणि जुनी तोड आहे. तीन घराणी करावीत: अ, ब आणि क. मुली आईच्या घराण्यात राहतील. अ चे नर ब मध्ये जातील, ब चे क मध्ये आणि क चे अ मध्ये. दरवर्षी हाच फेरा. एका नराला चार-पाच माद्या धरल्या तरी एवढे पक्षी शहरातल्या एका घरात मावणार नाहीत. पण तीन घरांत सहज मावतात. नवघरच्या एकाने अ सांभाळावे, खारीगावातल्याने ब, खाडीपलीकडच्या नायगावच्या कोणी क. जातीची शुद्धता आणि आरोग्य ही एकट्याची मालमत्ता राहू शकत नाही. ती शेजारपणातूनच टिकते.

यासाठी नोंदवही लागते. पायात क्रमांकाची कडी, वहीत जन्मतारीख, आईबाप, किती अंडी बसवली, किती निघाली, किती जगली. नर बदलल्यावर लगेच अंडी धरू नयेत. कोंबडीच्या शरीरात नराचे बीज दोन ते तीन आठवडे जिवंत राहते, त्यामुळे जुन्या नराची पिल्ले नव्याच्या नावावर चढतात. किमान तीन आठवडे थांबावे. तलंगेची पहिली छोटी अंडीही उबवणीला घेऊ नयेत. तिला आठ-नऊ महिन्यांची होऊ द्यावे.

काही लक्षणांच्या बाबतीत पैदासकाराला जनुकांचे थोडे गणित यायलाच हवे, कारण चूक झाली तर शिक्षा पिल्लू भोगते. जपानी बँटमचे आखूड पाय ज्या जनुकामुळे असतात, ते दोन्ही आईबापांकडून मिळाले तर गर्भ अंड्यातच मरतो. आखूड पायांचा नर आणि आखूड पायांची मादी जोडली की शंभर फलित अंड्यांतली सुमारे पंचवीस अशी जातात. आखूड पायांच्या पक्ष्याला त्याच जातीतला लांब पायांचा जोडीदार दिला तर हा मृत्यू टळतो, आणि निम्मी पिल्ले आखूड पायांचीच निघतात. उलट्या वळणाच्या पिसांच्या फ्रिझलचे असेच आहे. फ्रिझलला फ्रिझल जोडले की चौथा हिस्सा पिल्लांची पिसे ठिसूळ होऊन झडतात, अंग उघडे पडते, ऊन-पाऊस सोसत नाही. फ्रिझलला साध्या पिसांचाच जोडीदार द्यावा. लांब पायांची किंवा साध्या पिसांची पिल्ले बाजारात कमी दराने जातात, म्हणून काही जण हे टाळतात. दर पाहून अंड्यात जीव मारणे मला अमान्य आहे.

बँटमची काही घराणी उत्तम खुडूक बसतात, सिल्की त्यांत नावाजलेली. आपली आठ-दहा अंडी ती नीट झाकते आणि एकविसाव्या दिवशी पिल्ले बाहेर काढते. इन्क्युबेटर वापरणाऱ्याने तापमान 37.5 अंशांच्या आसपास आणि आर्द्रता पहिले अठरा दिवस 50 ते 55 टक्के ठेवावी. शेवटचे तीन दिवस ती 65 ते 70 वर न्यावी आणि अंडी फिरवणे बंद करावे. खाडीकाठच्या हवेत जुलै-ऑगस्टमध्ये इन्क्युबेटरात पाणी न घालताही आर्द्रता चढते. अशा वेळी अंड्यातले पाणी पुरेसे उडत नाही आणि पूर्ण वाढलेले पिल्लू कवच फोडताना गुदमरते. पुस्तकातला आकडा आणि आपल्या खिडकीबाहेरची हवा, दोन्ही पाहून काम करावे लागते. माझ्या मते भाईंदरमध्ये उबवणीचा चांगला काळ नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा आहे.

हवामानाचा प्रश्न जात निवडतानाही पुढे येतो. कोंबडीला घाम येत नाही. पारा बत्तिशी ओलांडू लागला आणि हवा दमट असली की ती चोच उघडून धापा टाकते. दाट पिसांच्या आणि पायांवर झुबके असलेल्या कोचीन, ब्राह्मा या जातींना आपला मे महिना आणि ऑक्टोबरचा उकाडा जड जातो. पावसाळ्यात त्यांच्या पायांना चिखलाचे गोळे चिकटतात, बोटे सडतात. सिल्कीच्या पिसांवरून पाणी निथळत नाही. ती भिजली की भिजूनच राहते. अंगाला चापून बसणाऱ्या पिसांच्या सेब्राइट, रोजकोंब यांना इथली हवा त्या मानाने सोसते. जपानी बँटमचे पंख जमिनीला टेकतात, म्हणून तिला कोरडा भुसा हवाच. पावसाळ्यात साठवलेल्या मक्याला बुरशी धरते आणि तिच्यातले विष पक्ष्याचे यकृत खाते. खाद्य पंधरा दिवसांपुरतेच आणावे. अर्ध्या इंचाच्या जाळीशिवाय रात्र काढू नये. उंदीर, मुंगूस आणि मांजर तिन्ही आपल्या वस्तीत आहेत.

आता सर्वांत अवघड प्रश्न. उबवणीतून निम्मे नर निघतात. दहा पिल्लांत पाच कोंबडे. आणि एका कळपाला लागतो एक. उरलेल्या चौघांचे काय, याचे उत्तर अंडी बसवण्याआधी तयार असायला हवे. रस्त्यावर टोपलीत गुलाबी-हिरवी रंगवलेली पिल्ले विकायला येतात. ती बहुतेक अंड्यांच्या धंद्यातली नको असलेली नर पिल्लेच असतात आणि बहुतेक आठवडाभरात मरतात. हौशी पैदासकाराने त्या वाटेला जाऊ नये. नर वेगळे वाढवायला जागा असावी, ते घेणारी खात्रीची माणसे ठाऊक असावीत, किंवा ते घरी खाण्याचा निर्णय मोकळेपणाने आणि वेदना न देता पार पाडावा. आपल्या आगरी-कोळी घरांत कोंबडा खाणे हा लपवण्याचा विषय कधी नव्हता. अनोळखी माणसाच्या हाती मात्र झुंजीसाठी तो जाऊ देऊ नये. प्राण्यांच्या झुंजी लावणे 1960 च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे आणि सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये ते पुन्हा स्पष्ट केले आहे. यांतले एकही उत्तर नसेल तर उबवू नये, अंडी खावीत.

नराच्या बाबतीत शेजाऱ्यांचाही हक्क आहे. बँटम कोंबडा लहान असला तरी त्याची बांग लहान नसते. जपानच्या नागोया विद्यापीठातल्या संशोधकांनी 2013 मध्ये दाखवून दिले की कोंबड्याचे आरवणे त्याच्या शरीरातल्या घड्याळावर चालते. उजेड दिसण्याआधीच तो आरवू लागतो. खुराड्यावर फडके टाकून ते खात्रीने थांबत नाही. रहिवासी भागात रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे. सोसायटीतल्या सदनिकेच्या बाल्कनीत कोंबडा ठेवू नये, असे माझे स्पष्ट मत आहे. स्वतःचे अंगण किंवा गच्ची असली तरी आधी शेजाऱ्यांशी बोलावे आणि महापालिकेकडे परवानगीची चौकशी करावी.

रोगांबाबतची जबाबदारी तर आपल्या कुंपणापलीकडे जाते. मानमोडी म्हणजे राणीखेत, देवी, गंबोरो, मरेक्स यांच्या लसी उपलब्ध आहेत. पुण्यात औंधला राज्य सरकारची पशुवैद्यकीय जैविक पदार्थ निर्मितीची संस्था आहे. सिल्की आणि सेब्राइट मरेक्सला विशेष बळी पडतात आणि त्याची लस पिल्लाला पहिल्याच दिवशी द्यावी लागते. अडचण अशी की लसीच्या कुप्या शेकडो पक्ष्यांच्या हिशेबाने येतात आणि उघडल्यावर थोड्याच वेळात वापराव्या लागतात. परिसरातल्या हौशींनी एकाच दिवशी पिल्ले निघतील अशा बेताने अंडी बसवली, तर एक कुपी सर्वांना पुरते.

बर्ड फ्लूचे भान त्याहून महत्त्वाचे. भारतात हा रोग पहिल्यांदा फेब्रुवारी 2006 मध्ये आपल्याच राज्यात, नवापूरला आढळला. 2022 मध्ये तो ठाणे जिल्ह्यात शहापूर तालुक्यातल्या वेहळोलीला आला, 2025 च्या जानेवारीत उरणच्या चिरनेरला. लागण झालेल्या ठिकाणापासून एक किलोमीटरच्या परिघातले पाळीव पक्षी मारावे लागतात. त्यात घराघरातल्या कोंबड्याही येतात. आपल्याकडे दोन-चार पक्षी एकाएकी मेले तर ते लपवणे, खाडीत टाकणे किंवा घाईने उरलेले विकणे हा शेकडो घरांशी केलेला अपराध ठरतो. पशुसंवर्धन विभागाला तत्काळ कळवावे.

मदत दूर नाही. भाईंदरहून लोकलने गोरेगाव गाठले की आरे वसाहतीत केंद्र सरकारची कुक्कुट विकास संस्था आहे. परळला 1886 पासूनचे मुंबई पशुवैद्यक महाविद्यालय आहे. पक्षी आणण्याआधी एकदा तिथे जाऊन यावे, डॉक्टरांशी बोलावे.

या पुस्तिकेत आधी जातींची निवड, मग खरेदी, मग घर आणि खाद्य, त्यानंतर आजार आणि अगदी शेवटी पैदास, असा क्रम मुद्दाम ठेवला आहे. वाचकाने तो प्रत्यक्षातही पाळावा. पहिले वर्ष फक्त पाळा. एक उन्हाळा आणि एक पावसाळा तुमच्या पक्ष्यांनी नीट काढला, वही भरली, शेजाऱ्यांची तक्रार आली नाही, की मग उबवणीचा विचार करा. आणि ज्या दिवशी पहिले पिल्लू दुसऱ्याच्या हाती द्याल, त्या दिवशी त्याच्या आईबापांची नोंद, लसींच्या तारखा आणि "जमले नाही तर परत आणून द्या" हा शब्द सोबत द्या. हा शब्द देण्याची तयारी असलेल्यानेच पैदास करावी.